वाचकांचे प्रश्न : स्वस्त इलेक्ट्रिक गाडीत हेड-अप डिस्प्ले हवाच का?

प्रश्न : मी पहिलीच इलेक्ट्रिक गाडी घेण्याच्या विचारात आहे. माझ्या आवाक्यातल्या एका गाडीत चालकासमोर वेग दाखवणारे काहीच नाही. सगळी माहिती डॅशबोर्डच्या मधोमध असलेल्या मोठ्या पडद्यावर दिसते. समोरच्या काचेवर वेग दाखवणारा हेड-अप डिस्प्ले हवा असेल, तर त्याच गाडीची सर्वांत महाग आवृत्ती घ्यावी लागते. ही सोय स्वस्त गाड्यांतही मुळातच असायला नको का, की ती निव्वळ चैन समजायची?

उत्तर : ती सरसकट प्रत्येक स्वस्त गाडीत असावी, असे मला वाटत नाही. तुमच्या तक्रारीचे मूळ मात्र अगदी रास्त आहे. चालकाच्या समोरचा पडदा काढून टाकणे ही उत्पादकाने स्वतःच्या खर्चात केलेली काटकसर आहे आणि तिची भरपाई त्यानेच करायला हवी. ही भरपाई हेड-अप डिस्प्लेनेच झाली पाहिजे, असे नाही.

टेस्लाने 2017 मध्ये ‘मॉडेल 3’ बाजारात आणली, तेव्हा वेगासह सर्व माहिती मधल्या पडद्यावर नेली. पुढे व्होल्वोच्या ‘ईएक्स 30’नेही तोच मार्ग धरला. एक पडदा कमी, त्यामागची वायरिंग कमी, आणि स्टिअरिंग डावीकडे असो वा उजवीकडे, डॅशबोर्ड जवळपास तोच राहतो. उत्पादकाच्या दृष्टीने हिशेब सरळ आहे. चालकाला मात्र वेग पाहण्यासाठी नजर खाली आणि बाजूलाही न्यावी लागते. ताशी 80 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे 22 मीटर अंतर कापते, म्हणून नजर किती दूर वळते आणि किती वेळ तिथे रेंगाळते, हा सोयीचा नव्हे तर सुरक्षिततेचा प्रश्न ठरतो.

हेड-अप डिस्प्ले इथे खरोखर उपयोगी पडतो. लढाऊ विमानांतून आलेले हे तंत्र जनरल मोटर्सने 1988 मध्ये ओल्ड्समोबिल कटलास सुप्रीमच्या मोजक्या गाड्यांत बसवले. डॅशबोर्डच्या पोटात दडवलेल्या प्रक्षेपकातून निघालेली प्रतिमा आरशांवरून काचेवर पडते आणि चालकाला ती काचेवर नव्हे, तर साधारण दोन-अडीच मीटर पुढे, बॉनेटच्या टोकाच्या आसपास तरंगत असल्यासारखी दिसते. नजर फारशी खाली जात नाही आणि डोळ्यांना दूरवरून अगदी जवळ फोकस आणण्याचे कष्टही कमी पडतात. ज्यांना चाळिशी लागली आहे, त्यांना हा फरक पहिल्याच दिवशी जाणवतो, कारण हातभर अंतरावरचा पडदा त्यांना पुसट दिसतो आणि अडीच मीटरवरचा आकडा मात्र चष्म्यावाचून वाचता येतो. या तंत्राचा हा सर्वांत मोठा गुण असूनही जाहिरातींत त्याचा क्वचितच उल्लेख होतो. कदाचित पन्नाशीतला ग्राहक जाहिरातीत शोभत नसावा.

मग हे सगळ्यांनाच का देऊ नये? अडचण मुख्यतः काचेची आहे. गाडीच्या समोरच्या काचेला आतला आणि बाहेरचा असे दोन पृष्ठभाग असतात आणि दोन्हींवरून प्रतिबिंब उमटते, त्यामुळे साध्या काचेवर आकडे दुहेरी दिसतात. हा दोष घालवण्यासाठी काचेच्या दोन थरांमधला प्लास्टिकचा पापुद्रा खालून वर किंचित जाड होत जाणारा बनवावा लागतो. अशी काच महाग असते आणि उडालेल्या खड्याने ती तडकली, की बदलण्याचा भुर्दंड गाडीच्या मालकावर पडतो. शिवाय भर उन्हात आकडे दिसावेत म्हणून प्रकाशस्रोत अतिशय प्रखर ठेवावा लागतो, आणि ज्या आरशाने प्रतिमा मोठी होते तोच आरसा बाहेरचे ऊन आत एकवटतो, म्हणून उष्णतेचाही बंदोबस्त करावा लागतो. काचेऐवजी डॅशबोर्डवर उभ्या राहणाऱ्या छोट्या पारदर्शक पट्टीवर प्रतिमा दाखवणारा स्वस्त प्रकारही आहे, पण त्यात प्रतिमा लहान आणि अधिक जवळ दिसते, म्हणजे मुख्य फायदाच बराचसा उणावतो.

बॅटरीचा पल्ला घटेल ही भीती मात्र अनाठायी आहे. डिस्प्लेला वीस वॅट लागतात असे धरले आणि गाडी किलोमीटरला दीडशे वॅट-तास वापरते असे मानले, तर तासभराच्या वापराने पल्ला जेमतेम 130 मीटरने कमी होतो.

आणखी एक गोष्ट विक्रेते सांगत नाहीत. डोळे रस्त्याच्या दिशेला असले म्हणजे लक्षही रस्त्यावर असते, असे नाही. नासाने 1980 मध्ये प्रसिद्ध केलेल्या सिम्युलेटरवरील अभ्यासात हेड-अप डिस्प्ले वापरून उतरणाऱ्या काही अनुभवी वैमानिकांना धावपट्टीवर आडवे आलेले दुसरे विमान दिसलेच नव्हते. म्हणून वेग, वेगमर्यादा आणि पुढचे वळण एवढेच दाखवणारा साधा डिस्प्ले मला बाण, रंग आणि सूचनांनी काच भरून टाकणाऱ्या डिस्प्लेपेक्षा बरा वाटतो.

माझ्या मते स्वस्त गाडीसाठी योग्य तोड वेगळी आहे : स्टिअरिंगच्या मागे, शक्य तितका उंच आणि दूर बसवलेला लहानसा पडदा. टोयोटाच्या ‘बीझेड4एक्स’मध्ये तो स्टिअरिंगच्या वरून पाहायचा असतो, आणि त्यासाठी खास काच लागत नाही. उरलेला पैसा चांगले हेडलाइट, आपोआप लागणारे आपत्कालीन ब्रेक, उत्तम टायर आणि थंड प्रदेशात कमी विजेत गाडी उबदार ठेवणारा हीट पंप यांवर खर्च व्हावा. हेड-अप डिस्प्ले ज्याला हवा त्याला स्वतंत्रपणे विकत घेता यावा. त्यासाठी चामड्याची आसने आणि काचेचे छप्पर गळ्यात मारणे ही शुद्ध अडवणूक आहे. तुम्ही पाहिलेल्या गाडीत चालकासमोर काहीच नसेल, तर ती चालवून पाहा आणि वळणावर, वाहतुकीत वेग किती सहज दिसतो ते तपासा. तो चटकन दिसत नसेल, तर दुसरी गाडी बघा.

प्रश्न : उन्हाचा गॉगल लावल्यावर हेड-अप डिस्प्ले दिसेनासा होतो. हा बिघाड आहे का?

उत्तर : नाही. काचेवरून तिरपा परावर्तित होणारा प्रकाश बराचसा आडव्या दिशेने ध्रुवित होतो, म्हणजे त्याची कंपने मुख्यतः आडवी होतात, आणि पोलराइज्ड गॉगल नेमका तोच अडवतो. साधा, ध्रुवीकरण नसलेला गॉगल वापरावा. गाडी घेण्यापूर्वीच्या चाचणीत आपला नेहमीचा गॉगल सोबत न्यावा, हे बरे.

प्रश्न : बाजारात मिळणारे, डॅशबोर्डवर चिकटवायचे स्वस्त डिस्प्ले घ्यावेत का?

उत्तर : घाई करू नये. त्यांपैकी जे गाडीतला बिघाड शोधण्यासाठी दिलेल्या सॉकेटमधून (ओबीडी) माहिती घेतात, ते अनेक इलेक्ट्रिक गाड्यांत नीट चालत नाहीत, कारण ही साधने मूलतः इंजिनाच्या गाड्यांसाठी ठरलेल्या संकेतांवर बेतलेली असतात. उपग्रहावरून वेग मोजणारे बोगद्यात आंधळे होतात आणि वेग झटकन बदलला, की क्षणभर मागे राहतात. तरीही घ्यायचाच असेल, तर तो एअरबॅगच्या झाकणावर किंवा तिच्या उघडण्याच्या वाटेत चिकटवू नका.