जर्मनीतल्या काल्वला (Calw) रेल्वेने जाता येतं का? आणि ‘सिद्धार्थ’ लिहिणारा लेखक हर्मन हेसे सोडून तिथलं प्रसिद्ध कोण?

आधी उच्चार सुधारून घ्या. तुम्ही ‘काल्व’ लिहिलंय, स्पेलिंग बघून कोणीही तसंच म्हणेल, पण तिकडची माणसं ‘काल्फ’ म्हणतात.

रेल्वेने आरामात जाता येतं. तुमच्या मित्राने ‘कार घ्या, नाहीतर हाल होतील’ असं सांगितलंय ना, त्याचं ऐकू नका. आमचा दादाही हेच म्हणायचा.

२०१६ च्या मे महिन्यात दादा-वहिनी रत्नागिरीहून आमच्याकडे स्टुटगार्टला आले होते. रविवारी काल्फला जायचं ठरलं. दोन वाटा होत्या. एक म्हणजे स्टुटगार्टची एस ६ लोकल धरून वाइल डेर श्टाटपर्यंत, म्हणजे शेवटच्या स्टेशनापर्यंत, आणि पुढे बस. दुसरी फोर्त्सहाइमला जाऊन तिथून नागोल्ड नदीच्या खोऱ्यातली छोटी डिझेल गाडी. मी कागदावर पहिली वाट लिहून ठेवली होती. पण वहिनींना घाटात बस लागते, म्हणून सकाळी आयत्या वेळी बेत बदलला आणि फोर्त्सहाइमला गेलो. कागद मात्र तोच राहिला, आणि तो दादाच्या खिशात.

फोर्त्सहाइमला मी जरा बाजूला गेले होते. तेवढ्यात फोन, “बाय, धाव, आपली एस ६ लागलीय!” धावले आणि चढले. पाटी मीही वाचली नाही, कबूल आहे. रूळ शहराबाहेर पडले, खिडकीत नदी आली. दादा वहिनींना सांगतोय, “ही बघ नागोल्ड.” ती नागोल्ड नव्हती, एन्त्स होती. एस ६ नावाच्या दोन गाड्या आहेत हो! एक स्टुटगार्टची आणि दुसरी कार्ल्सरूहच्या जाळ्यातली, फोर्त्सहाइमहून बाड विल्डबाडला जाणारी. पिवळी, ट्रामच्या तोंडवळ्याची. नॉयेनब्युर्ग नावाची पाटी दिसली तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

परतीच्या गाडीची वाट बघत फलाटावर बसलो, तर दादा सुरू. “कार घेतली असती तर! आणि कोणासाठी चाललोय? भारतात पाऊल न ठेवता ‘सिद्धार्थ’ लिहिणाऱ्या माणसाचं घर बघायला!”

आता हे निम्मं खरं आहे. हेसे १९११ मध्ये पूर्वेकडे निघाला तो सिंगापूर, सुमात्रा, सिलोन करून परत गेला. आपल्या मुख्य भूमीवर आलाच नाही. पण काल्फचा सगळ्यात मोठा माणूस हेसे नाहीच, असं माझं तेव्हाही मत होतं आणि आजही आहे. तो मान त्याच्या आईच्या वडिलांचा, हर्मन गुंडर्ट यांचा. स्टुटगार्टला १८१४ मध्ये जन्मले, १८३६ मध्ये भारतात आले, आणि पुढची वीसहून जास्त वर्षं इथे काढली. मल्याळम अशी शिकले की १८५१ मध्ये त्या भाषेचं व्याकरण छापलं. हेसेची आई मारी १८४२ मध्ये तलश्शेरीला जन्मली. म्हणजे रत्नागिरीहून नेत्रावतीत बसलात तर ज्या स्टेशनवर उतरता येतं, त्या गावची ती लेक! गुंडर्ट पुढे काल्फला परतले, तिथली प्रकाशनसंस्था सांभाळली, आणि मल्याळम-इंग्रजी शब्दकोश पुरा केला. तो १८७२ मध्ये मंगळूरला छापून निघाला. स्टुटगार्टहून वाइल डेर श्टाटपर्यंत आलेली रेल्वेही काल्फला पोचली ती १८७२ मध्येच. कोश आणि रूळ एकाच वर्षी, हे मी त्या फलाटावर दादाला सांगितलं, तर तो म्हणाला, “मग त्याच रुळांनी का नाही नेलंस?”

प्रश्न रास्त होता, उत्तरही होतं. वाइल डेर श्टाट ते काल्फ प्रवासी गाड्या १९८३ मध्ये बंद झाल्या, १९८८ मध्ये मालगाड्याही. काल्फ खोल दरीत आहे, त्यामुळे तो मार्ग वळसे आणि बोगदे घेत वर चढतो, आणि रिकाम्या बोगद्यांत वटवाघळांनी बिऱ्हाड केलं. ‘हर्मन हेसे रेल्वे’ म्हणून हा मार्ग पुन्हा उभा करायला घेतला तेव्हा या वटवाघळांवरून वर्षानुवर्षं घोळ चालला. शेवटी बोगद्याच्या आतच रुळांपासून वेगळा कप्पा करून त्यांची सोय लावायची ठरली. आपल्याकडे माणसांची एवढी सोय लावत नाहीत, असो. निघण्यापूर्वी या मार्गाचं ताजं वेळापत्रक बघा; तुमचा बसचा टप्पा वाचू शकतो.

दादाला मी आणखी एक सांगितलं होतं. गुंडर्ट ज्या बासेल मिशनचे, म्हणजे स्वित्झर्लंडच्या ख्रिस्ती धर्मप्रसारक संस्थेचे, त्याच मिशनने १८६५ मध्ये मंगळूरला कौलांचा कारखाना काढला. आपल्या घरावरची मंगलोरी कौलं तीच. तो म्हणाला, “काहीही जोडतेस.” गावी आमच्या पडवीत त्या शिक्क्याचं एक फुटकं कौल अजून टेकून ठेवलंय. दादा रोज त्याच्याजवळ चपला काढतो.

बाकी प्रसिद्ध मंडळी म्हणाल तर चित्रकार रुडॉल्फ श्लिश्टर १८९० मध्ये काल्फलाच जन्मला. आणि एस ६ ने गेलात (स्टुटगार्टच्या!) तर वाइल डेर श्टाटला उतरून खगोलशास्त्रज्ञ केप्लरला भेटाच, १५७१ चा जन्म तिथलाच, चौकात पुतळा आहे. वाटेतल्या लेओनबेर्गमध्ये त्याच्या आईवर चेटकीण म्हणून खटला भरला होता. तिच्या बचावासाठी तो स्वतः झगडला आणि तिला सोडवलं. हेसे काल्फच्या निकोलाउस पुलावर ब्राँझचा उभा आहे, फोटो काढा आणि पुढे चला.

एक राहिलं. डॉइचलांड-तिकीट (देशभर चालणारा महिन्याचा पास) असेल तर या प्रादेशिक गाड्यांत तेच चालतं. रविवारी दुकानं बंद असतात, डबा बरोबर घ्या. आम्ही वहिनींच्या थालीपिठांवर तरलो. आणि गाव चढउताराचं आहे, बरोबर कोणाचे गुडघे दुखत असतील तर तेवढ्यापुरता तुमच्या मित्राचा कारचा सल्ला अगदीच वाईट नाही.