तुला कुणी विचारलं होतं का?

प्रिय,

तुझं पत्र दोनदा वाचलं. जर्मनीत ऑफिसच्या मंडळींनी सॉनाला, म्हणजे घाम काढायच्या गरम लाकडी खोलीत नेलं, आत सगळे बिनकपड्यांचे, तू टॉवेल घट्ट धरून पाच मिनिटांत बाहेर. तेव्हापासून डोक्यात एकच भुंगा: 'मी मागासलेला आहे का?'

सोड रे तो प्रश्न! आधी तुला कुणी विचारलं होतं का? नव्हतं. मग तू अवघडलास यात तुझं काय चुकलं?

मीही तिशीत अशाच एका सॉनात अंग चोरून बसले होते. सत्तरीच्या एक बाई आल्या. लाकडाला घाम लागू नये म्हणून बाकावर टॉवेल पसरला, पाय लांब केले, डोळे मिटले. पोटावर ऑपरेशनचा जुना व्रण. कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. माझी जन्माची लाज तिथेच गळाली. पण तिथे आलेला प्रत्येक जण ठरवून आला होता, हे लक्षात यायला मला फार वर्षं लागली.

मधल्या काळात मी लोकांना मोकळेपणा शिकवत सुटले. एकदा तळ्याकाठी मैत्रीण आणि तिची म्हातारी आई सोबत असताना सरळ कपडे उतरवून पाण्यात शिरले. मैत्रीण आईचा हात धरून पाठ फिरवून उभी राहिली. वर येऊन मी तिलाच तासभर सुनावलं. र. धों. कर्व्यांची साक्ष काढली: 1927 साली 'समाजस्वास्थ्य' मासिक काढलं, त्यात नग्न चित्रं छापली, अश्लीलतेचे खटले सोसले. अरे, पण ते मासिक लोक आपणहून विकत घेत होते. त्या म्हातारीने काय घेतलं होतं? मी विचारलंच नव्हतं.

शरीराची लाज बाळगू नये, हे माझं म्हणणं मी आजही सोडलेलं नाही. त्या दिवशीही ते खोटं नव्हतं. बार्सिलोनाने 2011 मध्ये रस्त्यावर नग्न फिरायला बंदी केली तेव्हा मी भयंकर चिडले होते. आता चिडत नाही. रस्त्यावरच्या माणसाला कोण विचारणार? मैत्रीण मात्र माझ्याबरोबर पुन्हा कुठेच आली नाही.

शुक्रवारी ते परत बोलावणार म्हणतोस. जा, नाहीतर जाऊ नकोस. पण आधी विचार: बायका-पुरुष एकत्र असतात का, पोहण्याचे कपडे चालतात का. 'नाही' म्हणालास तर कारणं देत बसू नकोस. आणि कुणी हसलं, तर मला फोन कर, रात्री कितीही वाजले असले तरी.