भरवशाची बंदूक कोणती? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

भात पोटरीला आले की शेतीसंरक्षणाच्या बंदुकीविषयी पत्रे येऊ लागतात. त्यांतली निवडक पत्रे या अंकात एकत्र घेतली आहेत. उत्तरे परवानाधारकांसाठी आहेत. बिनपरवाना बंदूक घरात असेल तर तिला तेल कसे लावायचे हा प्रश्नच येत नाही.

प्रश्न : आंबा-काजूची सहा एकर बाग आहे, खाली दीड एकर भात. वडिलांच्या नावावर ठासणीची (तोंडाकडून दारू-छर्रे ठासून भरायची) बंदूक होती. आता मला स्वतःचा परवाना काढायचा आहे. काही जण म्हणतात रायफलच घे, तिच्यासारखा भरवसा कशाचा नाही. खरे काय? (देवगड तालुका)

उत्तर : आपल्या किनारपट्टीवर भरवशाची म्हणाल तर १२ बोअरची एकनळी, मोडून भरायची (म्हणजे नळी बिजागरीवर खाली झुकवून मागून काडतूस घालायची) आणि घोडा, म्हणजे चाप ओढला की आपटणारा हातोडा, बाहेर असलेली. तिच्यात बिघडण्यासारखे फार थोडे असते : नळी अडकवणारा अडसर, चाप, घोडा, फायरिंग पिन (काडतुसाच्या बुडातल्या ठिणगीच्या टोपीवर आपटणारी सुई) आणि मोजक्या स्प्रिंगा. घोडा बाहेर असल्यामुळे तो चढलेला आहे की उतरलेला, हे काळोखातही अंगठ्याने चाचपून कळते. नळी मोडली की आत काडतूस आहे का, नळीत काही अडकले आहे का, हे एका नजरेत दिसते. खाऱ्या हवेत जी बंदूक पूर्ण उघडून आरपार पाहता येते आणि पुसता येते, तिच्यावरच भरवसा टाकावा. दुनळी वाईट नाही, पण तिला दोन घोडे, दोन चाप आणि दोन नळ्यांमधल्या पट्टीखाली शिरलेला गंज. ती पट्टी आतून सडली तरी बाहेरून कळत नाही.

आता रायफल. आपल्याकडे सर्वांत जास्त दिसते ती इशापूर कारखान्याची ३१५ बोअरची, जुन्या ली-एनफिल्ड या ब्रिटिश लष्करी रायफलीच्या घाटाची, बोल्टची (हाताने दांडा मागे-पुढे ओढून भरायची). मजबूत बनावट आहे, सरळ मारा करते, त्याबद्दल वाद नाही. पण तिची गोळी दोन-तीन किलोमीटरवरसुद्धा माणसाचा जीव घेऊ शकते. तुमच्या बागेपासून दोन किलोमीटरच्या घेरात किती वाड्या आहेत ते मोजा. त्यात आपली जमीन कातळाची. कातळावर किंवा चिऱ्याच्या गडग्यावर आपटलेली गोळी उसळून कुठे जाईल याचा नेम नाही. १२ बोअरचे सहा नंबरचे छर्रे साधारण दोनशे मीटरमध्ये खाली पडतात. एसजीचे मोठे छर्रे मात्र सहाशे मीटरच्याही पुढे जातात, म्हणून तेही वाडीकडे तोंड करून कधी उडवू नयेत.

कायद्याचा कलही तिकडेच आहे. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम १३ प्रमाणे पिकाच्या खऱ्याखुऱ्या राखणीसाठी ठासणीची बंदूक मिळू शकते, आणि ती पुरेशी पडणार नाही असे परवाना अधिकाऱ्याला पटले तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक देता येते. नळी किमान २० इंच हवी. आटेदार (आतून पीळ कोरलेल्या) नळीच्या रायफलीसाठी वेगळे सबळ कारण दाखवावे लागते. अर्जासोबत सातबारा जोडा, नुकसानीचे पंचनामे असतील तर तेही जोडा. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचा दाखला लागतो. हे प्रशिक्षण मनापासून घ्या, कारण गज (नळी साफ करायची सळई), चाप, काडतूस यांची सवय तिथेच लागते. तुमचे गाव अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत असेल तर नव्या परवान्याला मुख्य वन्यजीव रक्षकांची पूर्वसंमती लागते. राधानगरी, फणसाड, चांदोली यांच्या आसपासच्या गावांनी हे आधी तपासावे. अर्ज महिनोन्महिने पडून राहतो, त्यामागे अनेकदा हेच कारण असते.

वडिलांच्या बंदुकीचेही बघा. परवानाधारक हयात नसेल तर ती बंदूक घरात ठेवता येत नाही. ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून वारसाने अर्ज करायचा असतो. वडील हयात असतील आणि त्यांचे वय ७० झाले असेल, किंवा बंदूक त्यांच्याकडे २५ वर्षे असेल, तर ते तुमचे नाव सुचवू शकतात.

प्रश्न : दर पावसाळ्यात नळीवर तांबूस ठिपके येतात. आम्ही खोबरेल लावतो आणि बंदूक खोळीत घालून माळ्यावर ठेवतो. तरी असे का? (वेंगुर्ले)

उत्तर : तुम्ही काळजी घेता, पण तेलही चुकते आहे आणि जागाही.

खोबरेल साधारण २४ अंशांखाली थिजते. पौषातल्या पहाटे ते फायरिंग पिनच्या भोकात लोण्यासारखे घट्ट होते, पिन जोराने पुढे जात नाही आणि टोपीवर नुसता पुसट ओरखडा उठतो. बार फुसका जातो आणि दोष काडतुसाला मिळतो. शिवाय ते खवट होऊन चिकट पिवळा थर धरते आणि त्याला धूळ बसते. रॉकेलने मळ सुटतो, पण ते उडून गेले की लोखंड उघडे पडते, म्हणून नुसते रॉकेल लावून बंदूक ठेवू नका. गाडीचे काढलेले काळे ऑइल तर मुळीच नको, त्यात जळका मळ आणि आम्ल असते. शिवणयंत्राचे पातळ तेल पिन, घोडा आणि बिजागरीला चांगले. नळीला बंदुकीचे तेल, आणि लांब मुदतीसाठी व्हॅसलीन किंवा साध्या ग्रीसचा पातळ हात.

खोळ ही गंजाची खरी आई. कॅनव्हास असो वा रेक्झिन, ती हवेतला ओलावा आणि मीठ धरून बसते आणि आठ-दहा दिवस लोखंडाला चिकटून राहते. खोळ फक्त नेण्या-आणण्यापुरती. चुलीवर टांगण्याची जुनी रीतही सोडा. धुराने बंदूक कोरडी राहते हे खरे, पण काजळीला दमट हवेत पाणी सुटते आणि दस्ता (खांद्याला टेकायचा लाकडी भाग) तडकतो. कुलपाच्या लोखंडी कपाटात, बाहेरच्या भिंतीला न टेकवता ठेवा. तेल लावल्यावर पहिले दोन दिवस नळीचे तोंड खाली करून जाड फडक्यावर उभी ठेवा. उलट ठेवली तर तेल ओघळून दस्त्याच्या गळ्यात मुरते, लाकूड काळे पडून भुसभुशीत होते आणि एक दिवस तिथेच मोडते.

बार झाला की त्याच रात्री सफाई करा. बंदूक रिकामी आहे हे आधी बघा, काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवा. पुढचे लाकूड काढून नळी वेगळी करा. गज मागच्या बाजूने घाला, म्हणजे मळ यंत्रात न जाता तोंडाकडे निघेल. पितळी ब्रश आठ-दहा वेळा आरपार, मग कोरडी सुती चिंधी पांढरी निघेपर्यंत, मग तेलाची एक चिंधी. काडतूस बसते ते घर पुढच्या वापराआधी कोरडे पुसा, कारण तेलकट घरात काडतुसाचा धक्का मागच्या बाजूला जास्त बसतो. तीन दिवसांनी पुन्हा एक पांढरी चिंधी फिरवा. ती तपकिरी निघाली तर मळ आत राहिला होता असे समजून सगळे परत करा. जूनपासून सप्टेंबरपर्यंत दर आठ दिवसांनी, इतर वेळी महिन्यातून एकदा एवढे पुरते. घामाच्या हाताचा ठसा नळीवर राहिला तर तिथे बोटाच्या आकाराचा गंज उमटतो, म्हणून ठेवताना तेलाचे फडके फिरवूनच ठेवा.

आलेले ठिपके काचपेपरने घासू नका, नळीची निळी झाक जाईल आणि गंज दुप्पट वेगाने येईल. सर्वांत बारीक प्रतीची लोखंडी लोकर तेलात भिजवून हलक्या हाताने फिरवा. नखाला खड्डा लागत असेल तर परवानाधारक कारागिराला दाखवा.

प्रश्न : ठासणीच्या बंदुकीची टोपी उडते, पण बार होत नाही. (लांजा)

उत्तर : आधी जिवाची गोष्ट. टोपी उडून बार झाला नाही तर नळी मोकळ्या जमिनीकडे रोखून पूर्ण दोन मिनिटे तशीच धरा. दारू कधी कधी आत धुमसत राहते आणि उशिरा पेटते. त्या वेळात तोंडातून वाकून बघणे म्हणजे मरण. भरलेली बंदूक घरी लोखंडी गजाने उपसू नका, कारागिराकडेच रिकामी करून घ्या.

बहुतेक वेळा दोष टोपीखालच्या निपलच्या, म्हणजे टोपी बसते त्या बोंडीच्या, भोकात असतो. काळ्या दारूची राख हवेतले पाणी ओढते, रात्रभरात लगदा होतो आणि भोक बुजते. ही राख तेलाने जात नाही, तिला पाणीच हवे. रिकामी खात्री करून निपल काढा, नळीत कढत पाणी ओता, चिंधीचा गज वर-खाली करा, पाणी स्वच्छ येईपर्यंत. कढत पाण्याचा फायदा असा की नळी तापते आणि स्वतःच वाळते. मग लगेच तेल. दुसरे कारण याच्या उलट : ठेवताना लावलेले तेल तळाशी साचते आणि नवी दारू भिजवते. म्हणून वापराआधी तळ कोरडा पुसून घ्या.

रिकामी नळी असताना गज तळापर्यंत सोडा आणि तोंडाशी गजावर खूण कोरा. पुढे कधीही गज सोडल्यावर खूण तोंडाच्या वर राहिली, तर आत काहीतरी आहे. ठासणीची बंदूक भरलेली की रिकामी, हे घरच्या कुणालाही असे तपासता येते.

प्रश्न : आजोबांची विलायती दुनळी आहे, परवाना माझ्या नावावर झाला. नवी काडतुसे चालतील का? (मुरूड)

उत्तर : नळ्या काढा आणि खालचे शिक्के भिंगाने वाचा. नायट्रो प्रूफचा, म्हणजे आजच्या बिनधुराच्या दारूसाठी नळी तपासल्याचा, शिक्का नसेल, किंवा नळीवर लाकडाच्या रेषांसारखी वळणावळणाची नक्षी दिसत असेल, तर ती नळी काळ्या दारूच्या जमान्यातली. आजचे काडतूस तिच्यात घालू नका. नक्षीच्या जोडांमधला गंज वरून दिसत नाही.

नायट्रोचा शिक्का असेल तर काडतूस बसते त्या घराची लांबी बघा. जुन्या विलायती बंदुकांत ती पुष्कळदा ६५ मिलिमीटर, म्हणजे अडीच इंच असते. काडतुसाच्या डब्यावर ७० लिहिलेले असेल तर ते लहान घरात सहज बसते, आणि इथेच फसगत होते. ७० हे माप उडाल्यानंतर उघडलेल्या काडतुसाचे असते. उघडताना त्याचे तोंड पुढच्या अरुंद नळीत घुसते, वाट आवळते आणि दाब वाढतो. बसले म्हणजे चालते असे नाही.

काडतुसे घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. कागदी काडतूस दमट हवेत फुगते आणि घरात जात नाही. ते तासून किंवा ठोकून बसवायचे नाही. पितळी बूड हिरवे पडलेली बाजूला काढून विक्रेत्याकडे परत द्या.

प्रश्न : परवाना शेतीसंरक्षणाचा आहे, मग भातात शिरलेला डुक्कर मारता येतो ना? गवा आला तर? (दोडामार्ग)

उत्तर : नाही. बंदुकीचा परवाना हा बंदूक बाळगण्याचा परवाना, शिकारीचा नव्हे. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या कलम ९ ने शिकारीला बंदी आहे, आणि जखमी करणे, फासे लावणे, तसा नुसता प्रयत्न करणे हेही शिकारीतच मोडते. १ एप्रिल २०२३ पासूनच्या नव्या याद्यांत रानडुक्कर अनुसूची २ मध्ये आहे. तो उभ्या पिकाला धोकादायक झाला असेल तर कलम ११ खाली मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी कारणे नोंदवून लेखी परवानगी देऊ शकतो. ती हातात आल्याशिवाय चापावर बोट नको, आणि परवानगीतल्या अटींबाहेर काही नको. गवा आणि बिबट्या अनुसूची १ मधले, त्यांच्यासाठी पिकाचे नुकसान हे कारण चालत नाही. मेलेले जनावर सरकारी मालमत्ता असते. वाटा घालणे हा आणखी एक गुन्हा.

शेतकऱ्याचे नुकसान खरे आहे आणि रात्रीची राखण जीव खाते, हे आम्ही जाणतो. म्हणूनच नुकसान झाल्या झाल्या वनखात्याकडे भरपाईचा अर्ज करा, पंचनामा करून घ्या. तारेत वीज सोडण्याचा विचारही नको, तिच्यात शेजाऱ्याचा मुलगा अडकतो.

प्रश्न : निवडणुकीत बंदूक जमा करावी लागते. परत येते तेव्हा गंजलेली. (गुहागर)

उत्तर : कुणाची शस्त्रे जमा करायची हे ठरवणाऱ्या छाननी समितीकडे शेतीसंरक्षणाचे कारण देऊन सूट मागता येते, नोटीस आल्याबरोबर लेखी अर्ज द्या. सूट नाही मिळाली तर जमा करण्याच्या आदल्या दिवशी पूर्ण सफाई, नळीला आत-बाहेर ग्रीसचा हात, आणि खोळीऐवजी तेल लावलेल्या सुती कापडाची गुंडाळी. पावतीवर बंदुकीचा क्रमांक आणि स्थिती लिहून घ्या. परत आल्यावर ग्रीस पूर्ण काढल्याशिवाय बार करू नका.

प्रश्न : नळीला तोंडापासून वीतभर मागे फुगवटा आला. काडतूस खराब होते का? (संगमेश्वर)

उत्तर : काडतुसाला दोष देण्याआधी हा विचार करा : बंदूक किती दिवस उभी होती? कुंभारमाशीला बंदुकीची नळी फार आवडते. दोन-तीन दिवसांत ती आत मातीची कोठडी बांधते, त्यात कोळी भरते, अंडे घालते, तोंड लिंपते. बाहेरून काही दिसत नाही. छर्रे त्या मातीवर आदळले की मागचा दाब कोंडतो आणि नळी तिथेच फुगते, कधी फाटते. चिखलात टेकलेले तोंड किंवा विसरलेली चिंधी यांनीही हेच होते.

फुगलेली नळी ठोकून सरळ करून देणारे भेटतील. तिथला पोलाद आधीच ताणलेला असतो, त्या नळीतून पुन्हा बार काढू नका. नळी बदलायची तर ती परवानाधारकाकडूनच, आणि परवान्यावर नोंद करून. पुढच्या वेळी काडतूस भरण्याआधी नळी मोडा, मागच्या बाजूने डोळा लावा आणि आभाळाकडे धरा. उजेडाचे गोल, स्वच्छ वर्तुळ दिसले पाहिजे. कडेला काळी चंद्रकोर दिसली तरी गज घालून बघा.