सोनोग्राफीत प्लीहा १४ सेंमी आली, ताप तर उतरलाय. घाबरायचं का?

प्रौढ माणसाची प्लीहा साधारण ११-१२ सेंमी असते, म्हणजे १४ ही थोडी सूज. ती डाव्या बरगड्यांखाली लपलेली असते. जुन्या, झिजलेल्या लाल पेशी गाळणं हे तिचं काम. मलेरियात बाधित पेशी अडवता अडवता तीच फुगते.

तुम्ही रत्नागिरीचे, भाऊ बोटीवर, पावसाळ्यानंतर त्याला थंडी वाजून ताप आला, असं लिहिलंय. मग पहिला संशय मलेरियाचाच. रक्ततपासणीत व्हायवॅक्स (मलेरियाचा एक प्रकार) निघाला असेल तर प्रायमाक्विनचा, म्हणजे यकृतातले जंतू मारणाऱ्या गोळ्यांचा, १४ दिवसांचा कोर्स पूर्ण झाला का ते बघा. (त्याआधी जी-६-पीडी तपासतात; हे लाल पेशींतलं एन्झाइम कमी असेल तर या गोळ्यांनी पेशी फुटू शकतात.) ताप उतरला की माणूस बोटीवर जातो, गोळ्या घरी फळीवर राहतात. यकृतात दडलेले जंतू मग पुन्हा उठतात. नीट उपचार झाले तर सूज काही आठवड्यांत ओसरते.

मलेरिया नसेल तर टायफॉइड, यकृताचा सिरॉसिस, थॅलेसेमिया, रक्ताचे कॅन्सर अशी बरीच कारणं आहेत. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि लिव्हरच्या टेस्टशिवाय अंदाज बांधण्यात अर्थ नाही.

तोवर एक कटाक्षाने पाळा: पोट चोळून घेणं बंद, जाळी ओढणं बंद, कबड्डीही नाही. सुजलेली प्लीहा धक्क्याने फुटू शकते. डाव्या कुशीत अचानक कळ, डावा खांदा दुखणं, घेरी, यातलं काही झालं तर सकाळची वाट न बघता सिव्हिल गाठा.