निवासी शाळेत रडणाऱ्या मुलाला वडिलांनी काय सांगावं?

तुमचा मुलगा सहावीला धारवाडपलीकडच्या निवासी शाळेत गेलाय, भाषा कळत नाही म्हणून रोज फोनवर रडतो, त्याला काय सांगू असं विचारलंय तुम्ही. १९९४ साली मी तसाच गेलो होतो.

आमचं गाव बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, जांबोटीकडं. घरात मराठी, शाळेत मराठी. तिकडं पहिले दहा दिवस मी अर्धपोटी काढले. वाढपी भात घेऊन यायचा नि विचारायचा, "साका?" मला वाटायचं, हवाय का विचारतोय. मी जोरात मान हलवायचो. तो पुढं जायचा. कन्नडमध्ये 'साका' म्हणजे 'पुरे का', हे मला वडिलांनी, आप्पांनी सांगितलं, रविवारी भेटायला आले तेव्हा. भाकरी-चटणीचं गाठोडं सोडून मी खात सुटलो होतो. ते बघत बसले, मग म्हणाले, "गणित, इंग्रजी राहू दे. आधी ह्या वाढणाऱ्याची भाषा शीक. बेकु म्हण, साकु म्हण." बेकु म्हणजे हवं, साकु म्हणजे पुरे.

आप्पांना बाजारापुरतं कन्नड बोलता यायचं, वाचता नाही. तहसीलदार कचेरीत पहाणी उतारा, म्हणजे सातबारासारखा जमिनीचा कन्नड कागद, हातात धरून ते अनोळखी माणसांना "एवढं वाचून सांगा की" म्हणायचे. उताऱ्यावर आमचा हिस्सा चुकीचा चढलेला, ते दोन वर्षांनी कळलं.

काका मात्र मरेपर्यंत म्हणत राहिले, "पोराला कानडी केलंस." काकांचं चूकच होतं. आप्पा दर १ नोव्हेंबरला, कर्नाटकाच्या स्थापनादिनी, सीमाभाग महाराष्ट्रात यावा म्हणून काळी फीत लावून निषेध फेरीत चालायचे, काकांच्या बरोबरीनं. सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. निकाल लागेपर्यंत पहाणी कुणी वाचायची? आज अर्ध्या गावाची मी वाचतो, आणि हे उत्तर मराठीतच लिहितोय.

तेव्हा पोराला "रडू नको" म्हणू नका. काय जेवलास, शेजारच्या खाटेवर कोण आहे, आज कन्नडमधला कुठला शब्द कळला, ते विचारा. आणि पत्र लिहा, मराठीत. आप्पांचं आंतर्देशीय पत्र पंधरा दिवसांनी यायचं. सगळी शेताची खबर मराठीत, नि शेवटी देवनागरीतच एक ओळ, "ऊट आयता?" जेवलास का. ती पत्रं अजून माझ्या ट्रंकेत आहेत.

एक राहिलं. मोठी पोरं मारत असतील किंवा तो ताप लपवत असेल, तर यातलं काहीच धरू नका. मिळेल ती गाडी पकडा आणि जाऊन या.