टेक्ससमध्ये कपड्यांखाली ग्लॉक ४३ पिस्तूल बाळगतो. जादा गोळ्या किती ठेवाव्यात?

एक भरलेलं जादा मॅगझिन, म्हणजे पिस्तुलात घालायची गोळ्यांची डबी, ठेवा, तेवढं पुरे. ग्लॉक ४३ च्या मॅगझिनमध्ये सहाच गोळ्या मावतात हे एक कारण, पण मोठं कारण वेगळंच आहे. सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलात बरेचदा दगा देतं ते मॅगझिनच. स्प्रिंग सैल पडते, पडून वरच्या कडांना पोचा येतो, तळाची प्लेट निसटते. डबल फीड झालं, म्हणजे एकामागे दुसरी गोळी घुसून अडकली, की आतलं मॅगझिन ओढून फेकायचं, स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, मागेपुढे करून नळी मोकळी करायची आणि दुसरं घालायचं. दुसरं नसेल तर पंचाईत. म्हणून १५ गोळ्यांची ग्लॉक १९ असती तरी मी हेच सांगितलं असतं. मी नेमबाजीच्या रेंजवर नवशिक्यांच्या वर्गात मदतीला असतो, तिथे हा सराव रिकाम्या डमी गोळ्यांवर करून घेतात. तीन-तीन मॅगझिनं लटकवणारेही येतात. शर्ट फुगतो, कंबर दुखते आणि थोड्याच दिवसांत सगळं कपाटात जातं.

ठेवायचं कसं:
- उजव्या हाताने पिस्तूल चालवत असाल तर पट्ट्यावर डावीकडे, पाऊचमध्ये, गोळ्यांची टोकं पुढे.
- किल्ल्यांच्या खिशात नको, कचरा आत जातो.

एक अट मात्र आहे: टेक्ससमध्ये मॅगझिनच्या क्षमतेवर मर्यादा नाही, पण न्यू जर्सी आणि कॅलिफोर्नियात १० गोळ्यांची आहे, आणि टेक्ससचा परवाना त्या दोन्ही राज्यांत चालत नाही.