माउंटन गोटच्या डोंगरात जाताय? आधी हे वाचा

जून लागला की सिएटल, पोर्टलंड, व्हँकुव्हरकडच्या आपल्या मंडळींचे तेच तेच मेसेज सुरू होतात, आधी एक रील फॉरवर्ड होऊन येतं आणि खाली माउंटन गोट (इथला पांढरा, दाट लोकरीचा, शिंगांचा डोंगरी प्राणी) आणि त्याच्या डोंगरांबद्दल प्रश्न. एकेकाला उत्तर देऊन कंटाळा आला म्हणून यावेळी सगळं एकत्रच लिहितेय. मी इथे वॉशिंग्टन राज्यात हंटर एज्युकेशनचे, म्हणजे शिकार करणाऱ्यांना शिकवायचे, वर्ग घेते आणि डोंगरातल्या रेस्क्यू टीमबरोबर जाते. डॉक्टर नाही, वकील नाही, तेव्हा त्यांची कामं माझ्यावर ढकलू नका.

एन्चांटमेंट्स (लेव्हनवर्थजवळचा डोंगरातल्या तळ्यांचा ट्रेक) एका दिवसात होतो ना? पुण्यात असताना दर रविवारी सिंहगड करायचो. जूनअखेर जायचा प्लॅन आहे. (बेलव्ह्यू)

होतो, सगळ्यांना होत नाही. जवळजवळ तीस किलोमीटर चाल आहे आणि मध्ये आसगार्ड पास ही खिंड, म्हणजे मैलभराच्या आतच सुमारे २,२०० फूट उभी चढण, ती पण सुट्या दगडधोंड्यांतून. सिंहगडावर दमलात तर टपरीवर बसून ताक पिता येतं, इथे पासच्या पायथ्याचं कोलचक लेक मागे पडलं की पुढे जेवढं अंतर आहे तेवढं चालायचंच. पण माझा आक्षेप अंतराला नाही, जूनला आहे. तेव्हा पासवर बर्फ असतं, त्याच्या खालून ओढा वाहत असतो आणि वरून काहीच कळत नाही, लोक मजेत घसरत खाली येतात आणि त्या पोकळीत जातात. माणसं गेलीयेत तिथे. आइस ॲक्स (बर्फावर घसरण थांबवायची कुऱ्हाड) वापरता येत नसेल तर ऑगस्टमध्ये जा, आणि निघायच्या आदल्या दिवशी लेव्हनवर्थच्या रेंजर स्टेशनला फोन करून विचारा. रीलवाल्या बाईला विचारू नका.

एन्चांटमेंट्सला कुत्रा नेता येईल का? छोटा आहे, उचलून घेऊ. (रेडमंड)

नाही. उचलून पण नाही.

आमच्या तंबूपासून अगदी दहा फुटांवर गोट आले होते. शांत होते, मुलीने फोटोही काढले. मिस्टर म्हणतात ते माणसाळलेत, मला मात्र भीती वाटली. एवढं घाबरायचं कारण आहे का? (सॅमामिश)

आहे, आणि मिस्टरांना हे वाचून दाखवा. ते माणसाळलेले नाहीत, त्यांना मीठ पाहिजे. उन्हाळ्यात कोवळा पाला खाऊन त्यांना सोडियम कमी पडतं, मग ते मैलोन् मैल चालून खारट माती चाटायला जातात. आपण डोंगरावर काय नेतो तर घाम आणि लघवी. रात्री तंबूबाहेर दोन पावलांवर उभं राहून मोकळं व्हायची जी सवय आहे ना, तिथूनच हे सगळं सुरू होतं. गोट ती जागा चाटतो, खुरांनी उकरतो, तिथली झाडं उपटली जातात आणि दुसऱ्या रात्री तो परत येतो कारण आता त्याला पत्ता कळलेला असतो. बॅगेचे पट्टे, ट्रेकिंग पोलच्या मुठी, दगडावर वाळत घातलेला टीशर्ट, सगळं चाटतात, चावून टाकतात. आणि एकदा का माणूस म्हणजे मीठ हे डोक्यात बसलं की तो माणसाच्या मागे मागे चालायला लागतो, आणि आपण म्हणतो किती गोड, बघ कसा येतोय.

ऑक्टोबर २०१० मध्ये ऑलिम्पिक नॅशनल पार्कात, क्लाहेन रिजवर, ६३ वर्षांच्या एका हायकरच्या मांडीत गोटने शिंग खुपसलं. तो माणूस वाचला नाही, आणि गोट तिथेच उभा राहिला, मदतीला आलेल्यांना जवळ जाऊ देईना. पुढे २०१२ मध्ये माउंट एलिनॉरची वाट गोट अंगावर येतात म्हणून काही काळ बंद ठेवली होती. ऑलिम्पिकमधले गोट मुळात तिथले नव्हतेच, १९२० च्या दशकात शिकारीसाठी आणून सोडलेले, नॅशनल पार्क व्हायच्या आधी. शेवटी २०१८ ते २०२० मध्ये डोळ्यांवर पट्टी बांधून, हेलिकॉप्टरला लटकवून शेकडो गोट कॅस्केड्स डोंगररांगेत हलवले आणि उरलेल्यांपैकी बरेच गोळी घालून मारले. म्हणून कोणी "आमच्याने काय होणार आहे" म्हणालं की माझं डोकं फिरतं.

तर करायचं काय. टॉयलेट असेल तिथे टॉयलेट, नसेल तर वाटेपासून आणि तंबूपासून चांगलं लांब जाऊन उघड्या खडकावर, झाडोऱ्यावर नाही. घामाचे कपडे आणि बॅग तंबूच्या आत. गोटपासून निदान ५० यार्ड लांब, म्हणजे पंचेचाळीस-एक मीटर. तो वाटेवर असेल तर वाट त्याची, तुम्ही मागे व्हा, आणि कड्याच्या बाजूला त्याला निघायला जागा ठेवा, पिल्लू आणि आईच्या मध्ये तर अजिबात नको. तरीही मागे येतच राहिला तर ओरडा, जॅकेट फडकवा, दगड मारा. हो, दगड मारा, रेंजरही हेच सांगतात, त्याच्याशी दुष्टपणा होत नाही, उलट त्याचा जीव वाचतो. आणि खाली आल्यावर रेंजरला कळवायचं, फेसबुकवर टाकायच्या आधी.

मग टूर्निके (रक्तस्राव थांबवायला हातापायाला आवळायचा पट्टा) जवळ ठेवावा का? ऑनलाइन चारचा पॅक अगदी स्वस्तात मिळतोय. (इसाक्वा)

ठेवा, पण तो पॅक नको. नकली टूर्निके बाजारात भरपूर आहेत, दिसायला हुबेहूब, आणि पिळायची दांडी ऐनवेळी मोडते. कंपनीकडून किंवा त्यांच्या अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्या, आणि रक्तस्राव थांबवायचा वर्ग एकदा करा. न शिकता बॅगेत ठेवलेला टूर्निके म्हणजे नुसतं वजन.

एच-वन-बी वर आहे. ग्रुपमध्ये एक जण म्हणाला की हंटिंग लायसन्स काढलं की रायफल घेता येते. माउंटन गोटची शिकार करायची आहे. (केंट)

ग्रुपमधल्या त्या जणाला अर्धंच माहितीये आणि अर्धवट माहितीवर इथे फेलनी, म्हणजे गंभीर गुन्हा, होऊ शकते. फेडरल कायद्याने तुमच्यासारख्या व्हिसावरच्या माणसाला बंदूकच काय, काडतूस जवळ ठेवणंही मना आहे. व्हॅलिड हंटिंग लायसन्स हा त्यातला एक अपवाद, हे खरं. पण त्यावर वॉशिंग्टन राज्याचे परदेशी नागरिकांसाठीचे वेगळे नियम आहेत, आणि मित्राची रायफल शूटिंग रेंजवर "जरा हातात घेतली" तीही जवळ बाळगण्यातच मोजली जाऊ शकते. बंदुकीला हात लावायच्या आधी इमिग्रेशन वकिलाकडून लेखी सल्ला घ्या.

आणि गोटचं म्हणाल तर घाई कशाला? परमिट ड्रॉने मिळतं, खूपच कमी असतात, आणि साधारणपणे आयुष्यात एकदाच. लोक वर्षानुवर्षं अर्ज भरतात. तोवर हंटर एज्युकेशनचा कोर्स करा, १ जानेवारी १९७२ नंतरचा जन्म असेल तर तो लागतोच.

नर-मादी दोघांना शिंगं असतात तर लांबून ओळखायचं कसं? (स्पोकेन)

वर्गात सगळ्यात जास्त वेळ मी यावरच घालवते. नराची शिंगं बुडाशी जाड, एकसारखी बाक घेत मागे जातात. मादीची बारीक, बरीचशी सरळ जाऊन टोकाशी मागे वळतात. नराच्या शिंगांमागे काळी ग्रंथी असते, माजावर आला की फुगते. सगळ्यात भरवशाचं म्हणजे तो मुततो कसा ते बघा, मादी मागून खाली बसते, नर अंग ताणून उभा राहतो. तोवर स्पॉटिंग स्कोपला (लांबचं बघायच्या दुर्बिणीला) डोळा लावून बसायचं. कायद्याने चार इंच किंवा त्याहून लांब शिंगाची मादी मारता येते, तरी मारू नये असं माझं मत, कारण तिचं पहिलं पिल्लूच चार-पाच वर्षांची झाल्यावर होतं. कॅस्केड्समधले कळप एकेकाळी शिकारीनेच खालावलेत. शंका असेल तर ट्रिगर नाही. आणि कड्याच्या टोकावर उभा असेल तरी नाही, खाली पडून चिंधड्या झालेला गोट कोण आणणार, मांस वाया घालवणं हाही गुन्हा आहे.

अलास्कात गाइड "गॅरंटीड गोट" म्हणतोय, ॲडव्हान्स मागतोय. मित्र अँकरेजला राहतो, त्याच्याबरोबर गेलो तर? (फ्रीमाँट, ग्रीन कार्ड)

मित्र चालत नाही. बाहेरच्यांना तिथे गोटसाठी लायसन्सवाला गाइड लागतो, किंवा अलास्काचा रहिवासी असलेला जवळचा नातेवाईक. आणि गॅरंटी? तिथल्या किनाऱ्याच्या डोंगरांत धुकं बसलं की दिवसेंदिवस तंबूबाहेर बूट दिसत नाहीत, त्यात गॅरंटी कशाची देतोय तो. राज्याच्या लायसन्स यादीत नाव बघा, रिफंडची अट लेखी मागा. टाळाटाळ केली तर पुढचा शोधा.

आईबाबा येतायत, बाबा ६७, बीपीची गोळी चालू. सोपा ट्रेल सांगा जिथे गोट दिसतील. (बॉथेल)

ट्रेल नंतर, आधी त्यांचे डॉक्टर. गोळी कुठली, ती लघवी वाढवणारी आहे का, दिवसभर उन्हात चढणं चालेल का, हे तिकीट काढायच्या आधी पुण्यातच विचारून घ्या. व्हिजिटर इन्शुरन्सची पॉलिसी पूर्ण वाचा, काहींत डोंगरातल्या भटकंतीला कव्हर नसतं आणि विकणारा एजंट ते सांगत नाही. शोधायला येणारी टीम या राज्यात पैसे घेत नाही, हॉस्पिटल घेतं.

झुडपाला अडकलेली गोटची लोकर मिळाली. घरी आणू का? (टकोमा)

नॅशनल पार्कात असाल तर नाही. नॅशनल फॉरेस्टमध्ये असाल तर आधी तिथल्या ऑफिसला फोन करा.